मुलासाठीं जुनी सायकल

आपल्या यवतमाळ जिल्ह्यांतील पुष्कळ खेड्यांच्या मुलांस वरच्या वर्गासाठीं परगांवच्या शाळेंत जावें लागतें. नवी सायकल घेणें झेपत नसेल, तर जुनी घेऊन ती नीट करून मुलास द्यावी, हा विचार उत्तम आहे. परंतु कित्येक बाप आधीं रंगाचा डबा आणतात. चकचकीत सायकल पाहून मूल हरखतें खरें. पण रंगाखालीं दडलेली चीर त्यास दिसत नाहीं, आणि देणाराहि ती विसरून जातो. यास्तव रंग सर्वांत शेवटीं द्यावा. न दिला तरी अडत नाहीं.

विकत घेतांना पावती मागावी, व सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक तींत लिहवून घ्यावा. चोरीची वस्तु भेट म्हणून मुलाच्या हातीं देणें कोणास रुचेल?

मग सांगाडा पाहावा. जुन्या सायकलींच्या पोलादी नळ्या बहुधा सांध्यांत पितळ वितळवून जोडलेल्या असतात. हे सांधे, विशेषतः हँडलाखालचा सांधा व पुढचा चिमटा, पुसून भर उजेडांत निरखावे. वरवरच्या गंजास भिऊं नये. मात्र केसाएवढीहि चीर दिसल्यास ती सायकल घेऊंच नये. “वेल्डिंग केलें कीं झालें,” असें विकणारा म्हणेल. पण पातळ नळी त्या धगीनें सांध्याजवळ कमजोर होऊं शकते, आणि पुढचा चिमटा उतारावर मोडला तर मूल तोंडावर आपटतें.

सांगाडा निर्दोष असेल तर चाकें सोडवावीं. छर्रे रॉकेलांत किंवा डिझेलांत धुवावे. हें काम चुलीपासून दूर करावें. एक छर्रा खराब निघाला तरी त्या बाजूचे सगळेच बदलावे. ग्रीस भरून कोन असा आवळावा कीं चाक मोकळें फिरेल, परंतु डुलणार नाहीं. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, हें ठाऊक नसल्यानें जोर करून पुष्कळांनीं ते मारले आहेत. मोठ्या विलायती सायकलीस बहुधा पुढें ३२ व मागें ४० तारा असतात. त्या आवळून चाकाचा आऊट काढणें मिस्त्रीवर सोपवावें, व त्याच्याजवळ बसून तें पाहावें. ही विद्या हलकी नव्हे. किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींच्याच धंद्यानें झाला.

आपल्या काळ्या मातीचा विचार वेगळा करावा लागतो. पावसाळ्यांत चिखल मडगार्डांत भरून चाक जागींच अडतें. म्हणून चाक व मडगार्ड ह्यांमध्यें बोटभर तरी जागा राखावी. नवी ट्यूब घालण्यापूर्वीं टायरच्या आंतून चिंधी फिरवावी. बाभळीचा काटा तेथें मोडून राहिला असेल तर चिंधी अडकते.

ब्रेकांचे जुने रबर दगडासारखे कठीण होतात. ते नवेच घालावे. मोठ्या सायकलीवर लहान मुलें नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारतात, पण रहदारीच्या रस्त्यावर तें धोक्याचें आहे. सीटवर बसून मुलाचे दोन्ही चवडे जमिनीस टेकत नसतील, तर लहान चाकांची सायकल शोधावी.

सर्व झाल्यावर बापानें स्वतः तीवरून आठवड्याच्या बाजारास जाऊन यावें, आणि परत आल्यावर प्रत्येक नट पुन्हां आवळून पाहावा. पहिल्याच फेरींत कांहीं तरी सैल झालेलें बहुधा सांपडतें.