ऑपरेशन झालं म्हणजे नेमकं काय झालं?

एंडोमेट्रिओसिसची अंडाशयातली गाठ परत आली तेव्हा "बाहेरचं खाणं बंद करा, टेन्शन घेऊ नका" असं मला सांगणारे पहिले माझे डॉक्टरच. ज्यांनी ऑपरेशन केलं तेच. सोनोग्राफीचा रिपोर्ट त्यांनी पूर्ण उलगडलाही नाही. "काहींची प्रकृतीच तशी असते हो," म्हणाले, आणि आईकडे वळून, "लग्नाचं कुठवर आलंय?" पोट माझं, फाइल माझी, प्रश्न मात्र आईला.

मग घरातही सुरू झालं. दही बंद, लोणचं बंद, रात्री जागायचं नाही. मी सगळं पाळलं. पाळीच्या दिवसांत तरीही भिंत धरूनच चालायचे.

शेवटी पुण्यातल्या एका मॅडमना दाखवलं. त्यांनी डिस्चार्ज कार्ड बाजूला सारलं आणि ऑपरेशन नोट मागितली. ती असते हेच आम्हाला माहीत नव्हतं. भावाने जाऊन मागितली तर काउंटरवरचा माणूस म्हणतो, "कार्ड दिलंय ना, मग आता कशाला?" लेखी अर्ज केल्यावर एक झेरॉक्स मिळाली, अर्ध्या पानाची. मॅडमनी ती वाचली, एका ओळीवर पेन टेकवलं आणि विचारलं, "गाठीची पिशवी काढलीच नाहीये, हे तुम्हाला सांगितलं होतं का?" गाठीला भोक पाडून आतला चॉकलेटी द्रव ओढून घेतला, आत धुतलं, टाके घातले. बस्स. बायोप्सीचा रिपोर्ट नव्हता, कारण तपासायला काही पाठवलंच नव्हतं. नुसता द्रव काढला तर बहुतेकींची गाठ काही महिन्यांतच पुन्हा भरते. आणि मी इकडे दह्याच्या वाटीकडे संशयाने बघत होते!

पिशवी सोलून काढण्याचीही किंमत असते, हे मॅडमनीच सांगितलं. तिच्याबरोबर अंडाशयाचा थोडा चांगला भागही जातो, अंड्यांच्या साठ्याचा अंदाज देणारा एएमएच खाली येतो. म्हणून कधी कधी डॉक्टर मुद्दाम हात आखडता घेतात. मान्य. पण मग तसं सांगा ना पेशंटला! 'सगळं साफ केलंय' हे माझ्या कानांनी ऐकलेलं वाक्य आहे.

तेव्हा ऑपरेशन ठरवण्याआधीच विचारा: पिशवी काढणार की रिकामी करणार? नंतर विचारा: आत काय काय दिसलं, काय काढलं, आतड्यावर किंवा मूत्रनलिकेजवळ काही सोडलं का आणि का? नोट घ्या, फोटो किंवा व्हिडिओ असेल तर तोही. दुसऱ्यांदा अंडाशयाला हात लावायची वेळ आली तर आधी एएमएच करून घ्या.

दुसरा राग गोळ्यांचा. मला डायनोजेस्ट दिली होती. मधूनमधून डाग पडतात म्हटल्यावर "मग बंद करा", एवढंच. ना दुसरी गोळी, ना गर्भाशयात बसवायच्या मिरेना या हार्मोनच्या साधनाचा विषय. हा आजार गोळ्यांनी मुळापासून जात नाही, दबून राहतो. अंडं सुटत राहिलं, पाळी येत राहिली की त्याला पुन्हा खतपाणी. युरोपातल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या संघटनेने, एश्रेने, 2022 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत, लगेच मूल नको असेल तर ऑपरेशननंतर दीर्घकाळ हार्मोनचे उपचार घ्यावेत असं म्हटलंय. पाळीच्या दुखण्यासाठी तर निदान 18 ते 24 महिने. माझा कोर्स किती चालला ते लिहीत नाही, हसाल. डाग पडले म्हणून आपणहून गोळी सोडू नका, बदलून मागा. हाडांचं आणि मूडचंही विचारून ठेवा.

आणि हो, चांगलं ऑपरेशन होऊनही हा आजार परततो. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात दोन वर्षांत सुमारे 21 टक्के आणि पाच वर्षांत 40 ते 50 टक्के असा अंदाज दिलाय. कमी वयात ऑपरेशन झालेलं असणं, आजार वरच्या स्टेजचा असणं, दोन्ही बाजूंना गाठी असणं, आधीही शस्त्रक्रिया झालेली असणं, यांनी धोका वाढतो असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. यातलं बाईच्या हातात काय आहे, सांगा बरं? लोणच्याचा तर कुठे उल्लेखही नाही.

'एक मूल होऊ दे, आपोआप बरं होईल' म्हणणाऱ्या काकवांसाठी: गरोदरपणानंतर परतण्याचं प्रमाण काहीसं कमी दिसतं, पण तो उपचार नव्हे. पाळी सुरू झाली की दुखणं परत येऊ शकतं, आणि तेव्हा कडेवर मूलही असतं.

दुखणं परत आलं म्हणजे गाठच परत आली असंही नसतं. गर्भाशयाच्या भिंतीत अ‍ॅडिनोमायोसिस असेल तर गाठ काढूनही पोट दुखतंच. उलट सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून कुणी घरी पाठवलं तर गप्प बसू नका, वरवरचे चट्टे तिच्यात सहसा दिसत नाहीत. या आजाराची सोनोग्राफी रोज करणारं कुणी गाठा. बाकी झोप, चालणं, जेवण वेळेवर, वगैरे वगैरे.

सध्या मॅडमनी सुरी बाजूला ठेवून गोळ्या चालू केल्यात. पहिल्या हॉस्पिटलला मी लेखी विचारलंय की पिशवी का ठेवली आणि सांगितलं का नाही. उत्तर आलेलं नाही. फोन आला होता, गुगलवर पाच स्टार द्याल का म्हणून.