हात चालला की मेंदू शिकतो

डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर १९५७ पासून ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी आदिवासी बालकांना खडे, बिया, शिंपले हाताळावयास देऊन शिकविले. हात चालला की मेंदूही शिकतो.

सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांनाही हेच तत्त्व उपकारक ठरते. जन्माच्या सुमारास मेंदूला इजा झाल्याने त्यांपैकी काहींचा एक हात दुबळा राहतो. सारी कामे चांगला हातच करतो. दुबळा अधिकच मागे पडतो. म्हणून तज्ज्ञ काही आठवडे, रोज काही तास, चांगल्या हातावर मोजा चढवितात व दुबळ्या हाताकडून नाना खेळ करवून घेतात.

मुलांनो, तलासरीच्या एखाद्या पाड्यावर असा सोबती दुबळ्या हाताने चिकू उचलू लागला, तर घाईने तो उचलून देऊ नका. थोडे थांबा. तुमचा धीर हीच त्याला खरी मदत होय.