शहरातील आपत्ती आणि मदत कार्यकर्त्यांची तयारी

प्रश्न : शहरातील मदतकार्यासाठी वेगळे प्रशिक्षण लागते का?

उत्तर : शहरातील मदतकार्याचे प्रशिक्षण छावणी उभारण्यापासून नव्हे, तर वस्ती समजून घेण्यापासून सुरू होते. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये ही गरज उघडी पडली. समन्वयाच्या बैठका विमानतळाजवळच्या संयुक्त राष्ट्रांच्या तळावर, बहुतांशी इंग्रजीत होत. क्रेओल बोलणारे स्थानिक त्यांपासून दूरच राहिले. म्हणून पालिका, वस्तीतील मंडळे आणि दुकानदार यांच्याशी बोलायला शिकणे हा पहिला धडा, आणि बहुधा सर्वांत अवघडही.

भूकंपात बेघर झालेल्यांमध्ये भाडेकरू पुष्कळ होते. ज्याची जमीनच नाही, त्याला घर बांधून देणार कुठे? पुढे अनेक कुटुंबांना वर्षभराच्या भाड्यासाठी रोख मदत देऊन छावण्यांतून हलवण्यात आले. त्यामुळे भाडेकरार, जमिनीचे हक्क आणि बाजारभाव यांची जाण कार्यकर्त्याला हवीच.

मानवतावादी मदतीच्या ‘स्फिअर’ मानकांनुसार माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी लागते. ते टँकरने द्यायचे की फुटलेली जलवाहिनी दुरुस्त करायची, असे निर्णय नकाशा समोर ठेवून केलेल्या सरावात घोटून घेतात. प्रथमोपचार वगैरे नेहमीचे विषय असतातच.