गाडी सेल्फ घेईना? बॅटरी घेण्याआधी हे तपासा

ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या कितीतरी जुन्या गाड्यांचा दिनक्रम ठरलेला असतो. मालक आठवडाभर लोकलने आणि गाडी सोसायटीत कव्हरखाली. रविवारी चावी फिरवली की नुसतं 'टक्' होतं. मग वॉचमनपासून शेजारच्या काकांपर्यंत सगळ्यांचं निदान एकच: बॅटरी गेली. अल्टो-वॅगनआरसारख्या गाडीची 35 अँपिअर-अवरची बॅटरी जुनी परत देऊन साधारण 3,500 ते 4,500 रुपयांना पडते. दोष बॅटरीत नसेल, तर ते पैसे गेलेच आणि पुढच्या रविवारी पुन्हा 'टक्'.

आधी आवाज नीट ऐका. 'टक-टक-टक-टक' असा भराभर आवाज आला आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावले, तर करंट अपुरा आहे. दिवे लखलखीत असून एकच जोरकस 'टक्' झाला, तर संशय सेल्फवर: सोलेनॉइड किंवा झिजलेले कार्बन. दिवे आहेत पण आवाजच नाही, अशा वेळी रिले, फ्यूज आणि इग्निशन स्विच बघायचा. मोटर मोकळी घर्रर्र फिरते, इंजिन हलत नाही, तर दोष बेंडेक्सचा, म्हणजे सेल्फला इंजिनशी जोडणाऱ्या गिअरचा. आणि इंजिन व्यवस्थित फिरतंय पण पेट घेत नसेल, तर सेल्फला हात लावू देऊ नका. तो पेट्रोल किंवा स्पार्कचा मामला आहे.

यानंतर 300 ते 500 रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर घ्या. गाडी रात्रभर बंद असताना बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसलं तर ती भरलेली आहे. 12 च्या खाली गेली असेल तर आधी चार्ज करून घ्या (दुकानात 100 ते 200 रुपये). आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकड्यावर लक्ष ठेवा. भरलेली बॅटरी 9.6 च्या खाली कोसळली, तर ती खरोखर संपली. आकडा 11-12 वर टिकूनही सेल्फ रखडत असेल, तर वाटेत कुठेतरी करंट अडतोय.

तो कुठे अडतो हे शोधणं सोपं आहे, पण फार कमी गॅरेजवाले तेवढा वेळ देतात. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नव्हे, खुद्द शिशाच्या खांबावर) आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरा. सेल्फ मारताना 0.2 व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा-एक व्होल्ट दिसला, तर अर्थची वायर किंवा टर्मिनल खराब. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरते आणि वायर इन्सुलेशनच्या आतून सडते. वरून नवी दिसते. गरम पाणी, खाण्याचा सोडा आणि जुना टूथब्रश, वर व्हॅसलिन: खर्च शून्य. टर्मिनलची जोडी 100 ते 200, अर्थची वायर मजुरीसह 300 ते 600.

खरंच सेल्फ उतरवायची वेळ आली, तर कार्बन-बुश बदलून ओव्हरहॉल 1,000 ते 2,000 मध्ये होतो. नवा सेल्फ 4,000 च्या पुढे. मारुती 800 चं उत्पादन 2014 मध्ये थांबलं, तरी तिचे सुटे भाग अजून सहज मिळतात, त्यामुळे 'पार्टच मिळत नाही, अख्खा सेल्फ टाका' हे लगेच मानू नका. जुना भाग परत मागा. जुलैत पाण्यात उभी राहिलेली गाडी असेल तर मात्र सेल्फ उघडून साफ करून घेणंच बरं. हे दर अंदाजाचे आहेत. गाडीप्रमाणे आणि गॅरेजप्रमाणे बदलतील.

गाडी सुरू झाल्यावर बॅटरीवर 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसले नाहीत, तर दोष आल्टरनेटर किंवा बेल्टचा. दुरुस्ती साधारण 1,200 ते 3,000. कल्याण-शीळ रस्त्यावर एसी, हेडलाइट लावून तासभर रखडलं तरी चार्जिंग तोकडंच होतं, हेही ध्यानात असू द्या.

बॅटरी घ्यावीच लागली तर वॉरंटी कार्डावर तारखेचा शिक्का आणि पक्कं बिल घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून तिच्यावरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे. वॉरंटीच्या पहिल्या टप्प्यात मोफत बदली आणि पुढे नुसती सूट, असा प्रकार अनेकदा असतो. 'चार वर्षांची वॉरंटी' म्हणणाऱ्याला त्यातली मोफत किती महिन्यांची, ते विचारा.

नवी बॅटरीही आठवड्यात बसत असेल, तर गाडी बंद असताना काहीतरी वीज पितंय. बहुतेक वेळा नंतर बसवलेला स्टिरिओ किंवा अलार्म. निगेटिव्ह वायर काढून ती वायर आणि बॅटरीचा खांब यांच्यामध्ये मीटर जोडा. मीटर अँपिअरवर हवा, आणि तो जोडलेला असताना सेल्फ मारू नका, फ्यूज उडेल. 50 मिलीअँपिअरपर्यंत चालतं, पण तेवढ्यानेही 35 ची बॅटरी महिन्याभरात कोरडी होते. जास्त दिसलं तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याने आकडा पडेल तो गुन्हेगार. शोधायचा कंटाळा असेल तर 200 ते 400 रुपयांचा कट-ऑफ स्विच निगेटिव्हवर बसवा. घड्याळ दर रविवारी लावावं लागेल, आणि रिमोट चालणार नाही. दार चावीने उघडा.