वारीहून आलेला तंबू : आधी वाळवा, मग बांधा



आषाढीला पंढरपुरात ६५ एकरात राहुट्या आणि तंबूंचं गावच उभं राहतं. आपल्या एका गटाने कर्ज काढून तंबू घेतले, दिंडीला भाड्याने दिले. गेल्या वर्षी ते पावसात भिजून शुक्रवार पेठेतल्या खोलीवर परत आले. सगळ्याजणी दमलेल्या. मीच म्हणाले, "ठेवा गुंडाळून, उद्या बघू." तो उद्या कार्तिकीलाच उजाडला! सोडून बघतो तर कुबट वास, काळे डाग, आणि सुती राहुटी नुसती ओढली तरी फाटत होती. भाडं बुडालं, हप्ता मात्र भरावाच लागला. चूक माझी होती, म्हणून हा धडा.

ओलसर पापड आपण डब्यात भरतो का? नाही ना! तंबूचंही तसंच. ओल राहिली की बुरशी धरते. सुती कापड ती खाऊनच टाकते. नायलॉन कुजत नाही, पण त्याच्या आतला पाणी अडवणारा थर चिकट होऊन सुटतो.

काय करायचं?

१. आल्या दिवशीच तंबू सोडा. माती, गवत झटका. चिखल साध्या पाण्याने, मऊ फडक्याने पुसा. धुण्याची पावडर नको, तिने तो थर खराब होतो.

२. सुती राहुटीला ऊन चालतं. नायलॉनचा तंबू सावलीत, वाऱ्यावर वाळवा. कडक उन्हाने त्याचा धागा कमजोर होतो.

३. पाऊस असेल तर घरात दोरीवर टाका, पंखा लावा, उलटापालटा करा. दोन-तीन दिवस लागले तरी लागू द्या.

४. शिवण, काठ आणि कोपरे शेवटी वाळतात. तिथे हात लावून बघा. गार लागलं तर अजून ओल आहे.

५. खुंट्या पुसून वेगळ्या पिशवीत ठेवा. गंज लागत नाही, कापडाला भोक पडत नाही.

६. तंबू सैल घडी करून जुन्या सुती साडीत बांधा, प्लास्टिकमध्ये नको. जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा. धान्याजवळ ठेवू नका, उंदीर येतात.

सोलापूरकडे सप्टेंबरातही चांगला पाऊस होतो, म्हणून महिन्यातून एकदा गाठोडं सोडून वारा द्या.

पुढच्या बैठकीत एवढं ठरवा: तंबू आल्यावर वाळवायची पाळी कोणाची? दोघींची नावं रजिस्टरमध्ये लिहा. "सगळ्या मिळून बघू" म्हटलं की कोणीच बघत नाही, हे मी शिकले.

तुमची,
क्षेत्र समन्वयक