गर्भाशयमुखाची क्रायोथेरपी : दहा मिनिटांचा उपचार, पुढचा महिना

गर्भाशयाच्या मुखावरील बिघडलेल्या पेशी अतिशय थंड वायूने गोठवून मारण्याच्या उपचाराला क्रायोथेरपी म्हणतात. या पेशी कर्करोगाच्या नसतात. पण तशाच राहू दिल्यास त्यांतल्या काहींपासून पुढे कर्करोग होऊ शकतो. उपचारात गर्भाशय काढत नाहीत, टाका घालत नाहीत आणि बहुतेक वेळा भूलही लागत नाही. नरडाण्यासारख्या गावातली बाई सकाळच्या एसटीने धुळ्याला जाऊन संध्याकाळच्या स्वयंपाकाला घरी परतू शकते. हा सुटसुटीतपणाच घात करतो. काम दहा-पंधरा मिनिटांत उरकते आणि पुढच्या महिन्याबद्दल कोणी काही सांगत नाही.

या बिघाडाचे मूळ ह्यूमन पॅपिलोमा विषाणूत, म्हणजे एचपीव्हीत असते. त्याचा संसर्ग इतका सर्वसाधारण आहे की त्यावरून कोणाच्या चारित्र्याचा अर्थ काढता येत नाही. बहुतेक बायकांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप जातो. काहींच्यात ठाण मांडून बसतो, आणि तिथून कर्करोगापर्यंत पोचायला साधारणपणे दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. तपासणीला अर्थ आहे तो या सवडीमुळे. गर्भाशयमुखाला पातळ व्हिनेगरसारखे ॲसिटिक आम्ल लावून मिनिटभराने पाहिले की बिघडलेला भाग पांढरा दिसतो. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियल रुग्णालयाने प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून हीच तपासणी दर दोन वर्षांनी करून घेतली, तेव्हा या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या साथीने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास झाला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, एचपीव्हीची एकच चाचणी आणि गरजेप्रमाणे उपचार एवढ्याने मृत्यू जवळपास निम्मे झाले. गावाकडच्या बाईलाही हे साधते, याचा दाखला महाराष्ट्रातच मिळाला आहे.

प्रत्येक पांढऱ्या डागाला मात्र क्रायोथेरपी चालत नाही. डाग पूर्ण दिसायला हवा, मुखाच्या तीन चतुर्थांशापेक्षा कमी जागेत हवा, आत नळीत किंवा योनीच्या भिंतीवर पसरलेला नको. कर्करोगाची शंका असेल, बाई गरोदर असेल किंवा ओटीपोटात जंतुसंसर्ग असेल तर हा उपचार करत नाहीत. गोठवलेल्या पेशी मरून वाहून जातात, प्रयोगशाळेत पाठवायला तुकडा उरत नाही. म्हणून जराही शंका असेल तर तुकड्याची तपासणी आधी व्हायला हवी. कागदावर नुसते ‘इरोजन’ लिहिलेले असेल तर कशाचे निदान झाले आहे हे विचारावेच. बहुधा इरोजन म्हणतात ते, म्हणजे मुखाचा आतला लाल, मऊ थर बाहेर दिसणे, तरुण वयात, गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना नेहमीचे आहे. तो कर्करोग नाही आणि कर्करोगाची सुरुवातही नाही.

उपचार पाळी संपल्या-संपल्या करणे सोयीचे असते. टेबलावर झोपवून, साध्या तपासणीसारखेच उपकरण लावून मुख दिसते करतात आणि नळीच्या टोकाची धातूची चकती त्यावर टेकवतात. सिलिंडरमधून नायट्रस ऑक्साइड किंवा कार्बन डायऑक्साइड सुटतो. त्याचा फुस्स आवाज खोलीभर ऐकू येतो. चकतीभोवती पांढरा बर्फ धरतो. तीन मिनिटे गोठवायचे, पाच मिनिटे वितळू द्यायचे, पुन्हा तीन मिनिटे गोठवायचे, असा क्रम असतो. बर्फ वितळण्याआधी चकती ओढत नाहीत. पाळीसारखी कळ येते, चेहरा तापतो, क्वचित घेरी येते. म्हणून लगेच उठून स्टँडकडे धावू नये.

प्रस्तुत लेखिकेला उपचारानंतर एवढेच सांगितले गेले, ‘महिनाभर जपा.’ दुसऱ्या दिवसापासून अंगावरून पाणी जाऊ लागले. पांढरे जाण्यासारखे चिकट नव्हे, तर तांदळाच्या धुवणासारखे पातळ, आणि इतके की कपास वेचायला वाकले तरी ओल जाणवे. दिवसाला चार-पाच घड्या बदलाव्या लागत. बाराव्या दिवशी काळपट तुकडा पडला. घरात सगळ्यांनी धरून चालले की पिशवी सडली. जवळच्या एका खासगी दवाखान्यात आधीचे कागद न पाहताच पिशवी काढण्याची तारीख मिळाली. ती टळली, कारण एका आरोग्यसेविकेने आधीच्या उपचाराचा कागद मागून वाचला.

हे पाणी उपचाराचाच भाग आहे. मेलेला थर सुटतो, खाली नवी त्वचा धरते. दोन ते चार आठवडे, कधी सहा आठवडेही पातळ स्राव चालतो. त्यात थोडे रक्त किंवा काळपट तुकडा येणेही नेहमीचे. स्वच्छ, उन्हात वाळवलेले सुती कापड किंवा पॅड वापरावे. आत काही घालू नये, औषधी पाण्याने आतून धुऊ नये. चार आठवडे शरीरसंबंध टाळावा, आणि ते शक्यच नसेल तर निरोध वापरलाच पाहिजे. ही सूचना डॉक्टरांनी नवऱ्यालाही समोर बसवून द्यावी. एकट्या बाईवर सोडल्यास रात्री तिचे कोणी ऐकत नाही. ताप, ओटीपोटात वाढत जाणारे दुखणे, दुर्गंधीयुक्त पिवळा स्राव, गाठी पडणारे किंवा दोन दिवसांहून अधिक चालणारे रक्त, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

पाणी जाते म्हणून गर्भाशय काढण्याची घाई महाराष्ट्राला नवी नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढल्याच्या प्रकरणांची २०१९ साली शासनाच्या समितीने पाहणी केली. अशा बायकांची संख्या १३ हजारांहून अधिक भरली. त्यातल्या अनेकींचे वय चाळिशीच्या आतले होते.

अलीकडे अनेक ठिकाणी वायूऐवजी तापलेल्या टोकाचे छोटे यंत्र वापरतात. बॅटरीवर चालत असल्याने जड सिलिंडरची वाहतूक लागत नाही आणि मिनिटभरात काम होते. त्यानंतरची काळजी मात्र हीच. दोन्ही प्रकारांत बहुतेकींचा बिघाड पहिल्याच उपचारात जातो, पण सगळ्यांचा नाही. त्यामुळे वर्षाने पुन्हा तपासणी लागते. उपचारानंतर मुखाची सीमारेषा आत सरकते आणि नुसत्या डोळ्यांनी पाहणे अवघड होते, म्हणून तेव्हा मिळत असेल तर एचपीव्ही चाचणी घ्यावी. त्या दिवशी उपचाराची तारीख, कारण आणि तुकड्याचा अहवाल असलेला कागद सोबत न्यावा. तो रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवला तर वर्षाने शोधावा लागत नाही.