चष्मेवाले बदक

मुलांनो, चष्मा घातलेले बदक तुम्ही पाहिले आहे का? अलास्का आणि सायबेरिया येथे असे एक समुद्री बदक आहे. त्याचे नाव चष्मेवाला आयडर. नराच्या डोळ्यांभोवती पांढरे गोल आणि त्यांना काळी कड असते. म्हणून हे नाव पडले.

उन्हाळ्यात हे पक्षी किनाऱ्याजवळच्या दलदलीत घरटी करतात. हिवाळ्यात ते समुद्रावर निघून जातात. पण कोठे? हे शास्त्रज्ञांना बरीच वर्षे ठाऊक नव्हते.

इकडे पश्चिम अलास्कातील त्यांची संख्या झपाट्याने घटत होती. १९७० नंतरच्या वीस वर्षांत शंभरांपैकी दहासुद्धा उरले नाहीत. शिकाऱ्यांच्या बंदुकीतील शिशाचे छर्रे चिखलात पडत. पक्षी ते गिळत आणि विषबाधेने मरत. १९९१ पासून अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत असे छर्रे वापरण्यास बंदी आहे. १९९३ साली या बदकाला कायद्याचे संरक्षण मिळाले.

पुढे काही पक्ष्यांच्या शरीरात छोटे ट्रान्समीटर बसवले. उपग्रहाने त्यांचे संकेत टिपले. १९९५ साली शास्त्रज्ञ विमानाने तेथे पोहोचले. बेरिंग समुद्रातील बर्फाच्या भेगांत हजारो आयडर दाटीने पोहत होते! तळाशी बुडी मारून ते शिंपल्यांतील जीव खातात. नंतरच्या मोजणीत तेथे साडेतीन लाखांहून अधिक पक्षी आढळले. जगातील जवळजवळ सारे चष्मेवाले आयडर हिवाळ्यात या एकाच ठिकाणी असतात. तेथील बर्फ किंवा शिंपले कमी झाले, तर सर्वांवर एकदम संकट येईल.

मुलांनो, पक्ष्याला वाचवायचे असेल, तर घरट्याबरोबर त्याची वाटही राखावी लागते.

विचार करा : आयडरचे हिवाळ्यातील ठिकाण कळल्यामुळे कोणता फायदा झाला?